दोन्ही डोळे उघडे

आमच्या ऑफिसात एक रीत आहे. फोटो कुणाचाही येवो, पुढाऱ्याचा, पोराचा, मेलेल्या माणसाचा, आधी त्याला धुऊन घ्यायचं. धुणं म्हणजे सॉफ्टवेअरमधलं एक बटण. ते दाबलं की डाग जातात, सुरकुत्या जातात, रंग उजळतो आणि माणूस आत्ताच न्हाऊन आल्यासारखा दिसायला लागतो. बटण दाबायच्या आधी फोटोकडं कुणी बघत नाही. कायला बघायचं? गिऱ्हाईक काय स्वतःचं खरं तोंड बघायला येतं का आमच्याकडं?

मी विनोद. लातुरात वैजनाथ अप्पाच्या जाहिरात कंपनीत डिझायनर. कंपनी म्हणजे क्लासेसच्या गल्लीत एक दुसरा मजला, तीन-चार कम्प्युटर, फ्लेक्स छापायचं मशीन आणि दिवसभर चालणारं अप्पाचं तोंड. त्या दिवशी सकाळी एका डॉक्टरकीच्या क्लासचं होर्डिंग करून राहिलो होतो. त्यांना हसरी पोरं पाहिजे होती, पांढऱ्या कोटातली. खऱ्या पोरांचे आईबाप हल्ली फोटो देत नाहीत, आणि दिले तर तेच पोरगं समोरच्या क्लासच्या बोर्डावरही हसत उभं असतं. म्हणून आता पोरं आम्हीच बनवतो. मी एआयला दोन ओळी टाइप करून देतो, की आईबापाशिवायची पोरं जन्माला येतात. एका पोरीच्या कानातून स्टेथोस्कोप निघून परत तिच्याच कानात शिरला होता, तो सरळ करत होतो, तेवढ्यात बहिणीचा फोन आला.

"भाऊ, दादा गेले," प्रिया म्हणली.

मी म्हणलं, "बरं." फोन ठेवला. स्टेथोस्कोप सरळ केला. फाइल सेव्ह केली. मग अप्पाला सांगितलं की आमचे वडील वारले, मी निघतो.

मला वाटलं बसमध्ये रडू येईल. खिडकी धरून बसलो, म्हणलं येऊ दे. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, नाही आलं. लोह्याच्या पलीकडं एका गोदामाच्या भिंतीवर दादांच्या हातची पाइपची जाहिरात अजून आहे. अर्धीच दिसते, अर्धीवर कुणा भावी आमदाराचा फ्लेक्स. तो फ्लेक्स मीच केलेला होता. बघितलं, आणि मोबाईलमध्ये तोंड घातलं.

दादा पेंटर होते. व्यंकटी पेंटर म्हणलं की लोह्यापासून अर्धापूरपर्यंत लोक ओळखायचे. सिमेंट, बियाणं, बनियन, तंबाखू, सगळ्या भिंती त्यांच्या. फ्लेक्स आला तवा लोक म्हणायचे, आता तुझं कसं रे व्यंकटी? दादा म्हणायचे, "बरं झालं की, उन्हात शिडीवर उभं ऱ्हायचं झंझट गेलं." आणि मला कम्प्युटरच्या क्लासला घातलं. रडगाणं गायची सवयच नव्हती त्यांना. नंतर शाळेच्या भिंती, पाण्याचे टँकर, ट्रकचे फाळके रंगवत राहिले. संध्याकाळी घरी आले की माय उंबऱ्यातूनच ओरडायची, "आलाव का? आदी रॉकेलनं हात धुवा!" चहापाणी त्याच्यानंतर. पुढं रॉकेल मिळायचं बंद झालं, टर्पेंटाइनची बाटली आली, तरी माय रॉकेलच म्हणायची.

मी गावी पोचलो तवा घर माणसांनी भरलेलं होतं. सगळं रीतीनं झालं. खांदा दिला, अग्नी दिला. लोक गळ्यात पडून रडले, त्यांच्या पाठीवरून मी हात फिरवला. माय, सुमनबाई, भिंतीला टेकून बसली होती. तीही रडली नव्हती. नुसती दाराकडं बघत होती. बायका तिला हलवून म्हणायच्या, "रड गं बाई, मोकळी हो." ती म्हणायची, "रडते की, घाई काय हाय?"

जलदान विधी, म्हणजे आमच्यातलं दिवसकार्य, रविवारी ठरला. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी शेजारचा संगप्पा दारात येऊन उभा.

"विनोद, बोर्ड कधी लावून राहिला?"

आमच्याकडं माणूस गेला की नाक्यावर त्याचा बोर्ड लागावा लागतो. बोर्ड नाही म्हणजे त्याच्यामागं कुणी नव्हतंच. त्यात बाप पेंटर, पोरगा फ्लेक्सवाला. संगप्पा बरोबरच बोलत होता, पण मला त्याचा राग आला. राग म्हणजे काय, घशाशी आला आणि तिथंच विझला.

घरात दादांचा फोटो नव्हता. प्रिया, म्हणजे माझी धाकटी बहीण बुद्धप्रिया, अर्धापूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई आहे. तिच्या मोबाईलमध्ये दादा होते, पण सगळे पाठमोरे. शाळेच्या भिंतीपुढं दादा, टँकरपुढं दादा, शिडीवर दादा. जन्मभर जो माणूस भिंतीकडं तोंड करून उभा, त्याचं तोंड फोटोत येणार कुठून? एका लग्नाच्या फोटोत तोंड होतं, तर त्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा. शेवटी आधार कार्ड काढलं.

कार्डाचा फोटो लॅपटॉपवर घेतला आणि बटण दाबलं. बघितलं नाही. हाताला सवयच ती.

मग निळा कोट चढवला. आमच्याकडं मेलेला माणूस कोटातच असतो, जन्म बनियनवर काढलेला असो. तयार बोर्डावर 'कैलासवासी' होतं, ते काढून आमच्यातलं 'कालकथित' टाकलं. 'श्रद्धांजली'ची 'आदरांजली' केली. कमळ-पणती काढून पिंपळाचं पान ठेवलं. चहा निवायच्या आत बोर्ड तयार. इथल्याच एका दुकानात छापून नाक्यावर टांगला, आणि मला वाटलं, चला, एक काम उरकलं. बापाचं काम करून राहिलोय असं वाटलंच नाही. अजून एक बोर्ड, एवढंच.

लोकांना लई आवडला. संगप्पा तर कमरेवर हात ठेवून बघतच राहिला.

"वा रे पठ्ठ्या! व्यंकटी तर तहसीलदार दिसून राहिलाय!"

कुणीतरी मायला घेऊन आलं. दादा गेल्यापासून ती पहिल्यांदाच बाहेर पडली होती. तिनं उन्हाला हात आडवा धरला आणि बोर्डाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ह्यो कोण?" ती म्हणली.

"दादा हायेत माय."

"न्हाई."

"अगं नीट बघ की."

"नीटच बघून राहिले. ह्येचे दोन्ही डोळे उघडे हायेत."

तवा मी त्या फोटोकडं पहिल्यांदा बघितलं. खरं सांगतो, पहिल्यांदा.

दादांचा एक डोळा अर्धा मिटलेला असायचा. भिंतीवर अक्षर काढायचं तर आधी खडूची दोरी ताणून रेघ मारतात, मग पेंटर चार पावलं मागं येऊन एक डोळा मिटतो आणि रेघ वाकडी आहे का बघतो. दिवसातून शंभरदा ते करून करून दादांची ती पापणी उतरली ती उतरलीच. जेवताना, बोलताना, झोपेतून उठून बसले तरी तशीच. नाक्यावरची पोरं त्यांना निशाणेबाज म्हणायची. फक्त आधार कार्ड काढताना समोरचा माणूस "दोन्ही डोळे उघडा बाबा" म्हणला होता, म्हणून त्यांनी जोर लावून, घाबरल्यासारखे, दोन्ही उघडले होते. त्या घाबरलेल्या डोळ्यांना आमच्या बटणानं छान पाणीदार केलं. माझा बाप खरंच तहसीलदार दिसत होता. दुसऱ्याच कुठल्यातरी तालुक्याचा.

"उतरव त्येला," माय म्हणली.

"माय, लोक काय म्हणतील?"

"रविवारी मी दुसरीच्या नवऱ्याला फुलं वाहू का?"

एकदोघं हसले. संगप्पा समजावायला पुढं आला, "वहिनी, फोटो भारी हाय की."

"भारी हाय तर तुझ्या घरात लाव!"

संगप्पा मागं सरला. मग माय माझ्याकडं वळली. आवाज न चढवता बोलली, म्हणून जास्त लागलं. "शेवटचं तोंड बघितलं तवा दोन्ही डोळे मिटलेले. हितं दोन्ही उघडे. माजा माणूस ह्येच्यात बी न्हाई अन् त्येच्यात बी न्हाई. मला माजा माणूस दाव, मग मी म्हणते गेला म्हणून. न्हाई तर रविवारी तुमचं तुमी उरका, मी बसणार न्हाई."

आणि घरात निघून गेली.

रविवारी भंतेजी येणार होते. मायच्या माहेरचे रेणापूरहून, आत्या मुरुडहून निघणार होती. पहिलं फूल बायकोनं वाहायचं, आणि बायकोच बसणार नाही म्हणते. प्रिया म्हणली, "भाऊ, तुझं रोजचं काम हाय ना? मग कर की." तिचं बरोबर होतं. मी लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत बसलो.

रोजचं काम! क्लासची पोरं बनवतो त्या एआयच्या मशीनला सांगितलं, एक डोळा अर्धा मिटलेला दाखव. त्यानं दादांना डोळा मारायला लावला. एखाद्या नाटकातला छचोर दीरच. सांगितलं, डोळा मारू नको, पापणी जरा उतरलेली. त्यानं दोन्ही उतरवल्या, दादा दारू पिऊन बसलेले. सांगितलं, म्हातारा पेंटर आहे, एका डोळ्यानं रेघ बघतो. तर डोक्यावर फ्रेंच टोपी, हातात रंगाची पाटी आणि मागं डोंगर. अरे, माझ्या बापानं डोंगराचं चित्र जन्मात काढलं नाही! त्यानं 'हे बियाणे पेरा' काढलं, 'मुलगी शिकवा' काढलं. मशीनला काय माहीत? मशीनचं सोड, इतकी वर्षं मी त्याच्यासमोर बसून दुसऱ्यांची तोंडं बनवून राहिलोय. ते मला कधी 'नाही' म्हणत नाही. आणि ही एक पापणी त्याला जमेना.

अप्पाचा फोन आला. अप्पा माणूस वाईट नाही. म्हणला, "विनोद, प्रियानं ऑफिसात फोन केला होता, सगळं कळलं. मी इथून बनवून पाठवलंय, बघ. तुझ्या वडिलांचं हे शेवटचं माझ्याकडून." उघडलं तर व्हिडिओ. निळ्या कोटातले दादा मान हलवून गोड हसत होते, दात पांढरेशुभ्र, आणि हात वर करून आशीर्वाद देत होते. दोन्ही डोळ्यांनी. खाली अप्पाचा दुसरा मेसेज होता, क्लासवाल्याला पोरं जरा जास्त हसरी पाहिजेत, जमलं तर बघशील.

मी फोन लावला. "अप्पा, आमचा बाप हाय हा. क्लासचं पोरगं न्हाई."

"अरे, मी काय वाईट केलं का?"

"न्हाई अप्पा. तुम्ही काहीच वाईट केलं न्हाई," मी म्हणलं. आणि खरंच तसं होतं. पोरं जास्त हसरी करून पाठवून दिली. ते कठीण नव्हतं.

मग ठरवलं, हातानंच करू. आधारचा मूळ फोटो घ्यायचा, पापणी स्वतः काढायची. माउस धरला आणि थांबलो. कुठला डोळा?

प्रियाला हाक मारली. ती म्हणली, उजवा. मी म्हणलं, डावा. मग मला उजवा वाटायला लागला आणि ती डाव्यावर आली. मी लहानपणी सुट्टीच्या दिवशी शिडी धरून त्यांच्यासोबत असायचो. पण मी खाली, ते वर. मला त्यांच्या टाचा आठवत होत्या. टाचांच्या भेगांत बसलेला पिवळा रंग आठवत होता. पायजम्याची दुमड आठवत होती. डोळा आठवेना. माझ्यासमोर हजारदा जेवायला बसलेल्या बापाचा कुठला डोळा मिटका, हे मला सांगता येईना. तवा पहिल्यांदा मला काहीतरी झालं. दुःख नाही म्हणणार मी त्याला. भीती वाटली. बाप गेल्याची नाही, तो होता तवाही मी बघितलाच नाही याची.

"मायला विचारायचं का?" प्रिया म्हणली.

"कुठल्या तोंडानं विचारू?" मी म्हणलं. पण उठलो. दुसरा इलाजच नव्हता.

माय स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. मी समोर जाऊन बसलो. विचारलं, "माय, दादांचा कुठला डोळा गं?" ती रागावेल, रडेल, वाटलं होतं. ती हसली. चार दिवसांत पहिल्यांदा.

"तुला बी म्हायती न्हाई व्हय? असेच बसायचे माज्यासमोर. माज्या वाढायच्या हाताच्या अंगाचा." तिनं उजवा हात पुढं केला आणि माझ्या डाव्या पापणीवर अंगठा ठेवला. "ह्यो."

अंगठ्याला लसणाचा वास होता. मी हललो नाही.

"कर बघू," ती म्हणली.

मी डोळा मिटला.

"तसा न्हाई. त्यो तर तू डोळा मारून राहिला. त्या चौकटीकडं बघ. वाकडी हाय का सांग."

मी दाराच्या चौकटीकडं बघितलं. चौकट वाकडीच होती, उजवीकडं कललेली. किती कलली ते बघायला लागलो. आणि मायचा अंगठा जिथं होता तिथं पापणी आपली आपण खाली आली. मला कळलंही नाही. दिवसभर पडद्यावर कुणाच्या नावाची ओळ सरळ आहे का बघताना मी हेच करत असणार. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगायला माझ्याकडं बघत होतं कोण?

मायनं हात काढला नाही. तिचे डोळे भरून आले होते.

"हां," ती म्हणली. "ह्योच. कुटं धुंडून राहिला बाबा? तुजाच लाव."

प्रियानं मोबाईलवर फोटो काढला. "हलू नको भाऊ. चौकटीकडंच बघ." मी तो लॅपटॉपवर घेतला. त्यातून माझा डोळा कापला, भुवईपासून गालाच्या हाडापर्यंत, आणि दादांच्या तोंडावर ठेवला. थोडा लहान केला, थोडा फिरवला. रंग जुळवावासुद्धा लागला नाही. धुवायचं बटण तिथंच होतं, कोपऱ्यात. त्याला हात लावला नाही. कोट काढला, कार्डावरचा त्यांचा चौकड्याचा शर्ट ठेवला. लहान कार्डाचा फोटो मोठा केला की फाटतो, चौकोन चौकोन दिसतात. एरवी असला बोर्ड बाहेर गेला तर अप्पा नोकरीवरून काढेल. फाटू दिला.

कापताना, जोडताना, छापून आणतानाही मला काही वाटलं नाही. मी काम करत होतो. म्हणलं, आता हे असंच राहणार, आपलं आतलं कधीतरी कुणीतरी धुऊन टाकलंय.

रविवारी मांडव भरला. तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा मांडली, मेणबत्त्या लावल्या, शेजारी दादांचा नवा बोर्ड उभा केला. लोक जवळ येऊन बघून गेले. संगप्पानं फक्त टोपी काढली. भंतेजींनी त्रिशरण दिलं, पंचशील झालं, मग म्हणले, आईंना बोलवा.

प्रिया मायला धरून घेऊन आली. पांढरं लुगडं, हातात फुलांचं ताट. माय बोर्डासमोर येऊन थांबली. मी तिच्या मागंच उभा होतो आणि मला फक्त एवढंच कळत होतं की ती आता 'न्हाई' म्हणली तर माझ्याकडं दुसरा डोळा नाही.

ती बघत राहिली. मग मान जराशी तिरकी केली, संध्याकाळी उंबऱ्यात करायची तशी.

"आलाव का?" ती म्हणली. आवाज अगदी रोजचा. "आदी रॉकेलनं हात धुवा."

आणि ताटासकट मटकन खाली बसली, आणि गावाला ऐकू जाईल असा हंबरडा फोडला. बायका धावल्या. फुलं सतरंजीवर सांडली. ती दादांना म्हणली होती, मला माहीत आहे. पण ती ज्या डोळ्यात बघून म्हणली तो माझा होता, आणि मी ऐकलं. पोटातून काहीतरी वर आलं आणि या वेळी घशाशी थांबलं नाही. मी लहान पोरासारखा रडलो, सगळ्यांपुढं, नाक पुसायचं भान राहिलं नाही. दादा गेले होते. माझे दादा गेले होते, आणि मला ते आत्ता कळलं होतं.

नंतर मायनं एकेक फूल वेचलं आणि वाहिलं. मी मागच्या दारी गेलो. मोरीत टर्पेंटाइनची बाटली होती, तळाशी थोडं उरलेलं. ते हातावर घेतलं, नीट चोळलं आणि हात धुतले.